कुरतडायला काय द्यायचं

आमच्या इमारतीत डॉ. कुमुद गद्रे यांना काकू म्हणायची सोय नव्हती. शनिवार पेठेत राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी म्हणून बघितलं. जिन्यात त्या थांबल्या, भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "मी कुणाच्या काकाची बायको नाही. डॉक्टर म्हणा. तेवढं मी शिकून मिळवलंय."

त्या दातांच्या डॉक्टर. पहिल्या मजल्यावर दवाखाना, दुसऱ्यावर घर, आणि घराचं दार माझ्या दाराच्या बरोबर समोर. उंची बेताची, केस बारीक कापलेले, पायांत बारा महिने पांढरे कापडी बूट. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारायची कुणाची टाप नव्हती. पेशंटशी गोड बोलणं त्यांना जमत नसे आणि जमावं असं वाटतही नसे. कुणी खुर्चीत बसल्या बसल्या कण्हायला लागला की म्हणायच्या, "अजून मी हात लावलेला नाही. थोडं शिल्लक ठेवा, पुढे लागेल." तरी लोक यायचे, कारण डॉक्टर गद्र्यांनी उगाच दात काढला असं पेठेत कुणालाही म्हणता येत नव्हतं.

माझा मुलगा लहान असताना मी त्यांना एकदा सुचवलं, दवाखान्याबाहेरच्या बाकाजवळ मुलांसाठी दोन-चार खेळणी ठेवा, म्हणजे ती रडणार नाहीत.

"खेळणं म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "म्हणजे... खेळायची वस्तू."

"ही व्याख्या मोठ्या माणसांची. लहानांच्या दृष्टीनं खेळणं म्हणजे तोंडात जाणारी वस्तू. एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात. रडू देत. रडताना तोंड उघडं राहतं, मला सोयीचं पडतं."

कुठलीही नवी वस्तू हातात आली की त्या आधी तिच्यात अंगठ्याचं नख रोवून बघायच्या आणि मग ती नाकाशी न्यायच्या. पेरू, साबण, नव्या खुर्चीचा हात, मी दिवाळीला दिलेली पणतीसुद्धा. मला वाटायचं, धंद्याची सवय. दात तपासणारा माणूस कठीण काय, मऊ काय हेच बघणार.

तिसऱ्या मजल्यावर सारंग नावाचा मुलगा भाड्यानं राहायचा. हिंजवडीला नोकरी. त्याच्याकडे दोन चिंचिला आहेत हे आम्हाला फार उशिरा कळलं, कारण तो त्यांना एसीच्या खोलीतून बाहेरच काढत नसे. चिंचिला म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: सशाचं अंग, उंदराचे कान, खारीची शेपटी, आणि सगळ्यावर राखाडी रंगाची इतकी दाट लव की बोट रुतवलं तरी कातडी लागत नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या थंड डोंगरांतला प्राणी. पुण्याचा उन्हाळा त्याला सोसत नाही.

सारंगला जर्मनीत नोकरी लागली आणि तो एका रविवारी सकाळी डॉक्टरांच्या दारात उभा राहिला. मी माझ्या दारात दुधाच्या पिशव्या उचलत होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"डॉक्टर, ॲक्चुअली एक रिक्वेस्ट होती. दोघं एकदम लो मेंटेनन्स आहेत."

"मग बरोबर घेऊन जा."

"फ्लाइटचं फार कॉम्प्लिकेटेड आहे. आणि ज्यांच्याकडून घेतले ते परत घेत नाहीयेत."

"मला प्राण्यांची आवड नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि आत वळल्या.

"आवड नाही लागत. गवत खातात, आणि दिवसभर काहीतरी कुरतडतात. त्यांचे दात लाइफटाइम वाढत राहतात ना, सो कुरतडलं नाही तर प्रॉब्लेम होतो."

डॉक्टर परत फिरल्या. "आयुष्यभर वाढतात?"

"हो."

"पुढचे की दाढासुद्धा?"

"आय थिंक, सगळेच."

"थिंक नको. दाखवा."

त्या दवाखान्यातला छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मीही मागोमाग गेले. सारंगनं एकाला टॉवेलात गुंडाळून धरलं, डॉक्टरांनी ओठ हलकेच वर केला आणि त्या दचकून मागे झाल्या. दात संत्र्याच्या सालीसारखे केशरी.

"काय करून ठेवलंत हे?"

"नाही नाही, केशरीच हेल्दी असतात. पांढरे झाले की समजायचं, काहीतरी बिघडलं."

डॉक्टरांनी पुन्हा वाकून बराच वेळ पाहिलं. जिना उतरताना मला म्हणाल्या, "जन्म गेला पिवळे दात पांढरे करण्यात. आता पांढरे झाले तर काळजी करायची." त्या हसल्या नाहीत, पण मजेत होत्या. प्राण्यांची आवड त्यांना नव्हतीच, दातांची होती. आठवड्याच्या आत कागदपत्रं करून दोघं त्यांच्या घरी आले.

सारंगनं ठेवलेली इंग्रजी नावं त्यांनी पहिल्याच दिवशी रद्द केली. दोघं सख्खे भाऊ होते आणि पोटावर हात जुळवून बसायचे, तेव्हा त्यांना थोरले पंत आणि धाकटे पंत अशी नावं पडली. बोलताना नुसतं थोरले आणि धाकटे. "थोरले आज नाराज आहेत," "धाकट्यांनी पडदा खाल्ला," अशी बातमी रोज समोरच्या दारातून यायची. ज्या बाईंनी स्वतःसाठी कधी एसी घेतला नव्हता, त्यांनी मधल्या खोलीत तो बसवला. पिंजऱ्यात बसायला शहाबादी फरशीचा तुकडा आणून ठेवला, गार राहतो म्हणून. दोघं त्याच्यावर पोटं टेकून पडायचे.

धाकटे जास्त खोडकर. पिंजऱ्याच्या बाहेर सोडलं की भिंतीवर पाय मारून उलटी उडी घ्यायचे आणि थेट डॉक्टरांच्या खांद्यावर उतरायचे. डॉक्टर वर्तमानपत्र वाचत असायच्या. त्या पान उलटायच्या, पण खांदा हलू द्यायच्या नाहीत.

कसबा पेठेच्या तोंडाशी इक्बालभाईंचं दुकान आहे. पक्ष्यांचे पिंजरे, माशांचं खाद्य, कुत्र्यांचे पट्टे असला माल. वडिलांच्या वेळेपासूनचं दुकान. डॉक्टर तिथे गवत आणायला जायच्या. एकदा त्यांनी तिथून एक लोंबतं खेळणं आणलं: निळ्या, लाल, पिवळ्या कड्या एकमेकांत अडकवलेल्या, खाली घंटी. त्यांच्या नियमाप्रमाणे नख रोवून बघितलं. नख रुतलं नाही. वास आला नाही. मला दाखवून म्हणाल्या, "चांगलं टणक आहे. दात झिजायला टणकच हवं."

धाकट्यांना ते फार आवडलं. दिवसभर ते त्याला लटकून असायचे.

काही दिवसांनी धाकटे खायचे कमी झाले. मग कोपऱ्यात पाठ वाकवून बसून राहिले. पिंजऱ्याच्या तळाशी लेंड्या आधी बारीक झाल्या, मग बंद. डॉक्टरांनी सकाळचे पेशंट परत पाठवले, जे मी कधी पाहिलं नव्हतं, आणि आम्ही रिक्षानं औंधला गेलो. असल्या प्राण्यांवर उपचार करणारी एक तरुण पशुवैद्य तिथे होती. तिनं पोटाचा एक्स-रे काढला. पोटात सगळीकडे वायू धरलेला होता. आतडं थांबलं होतं. तिनं इंजेक्शनं दिली, पोट चोळायला शिकवलं, दुपारपर्यंत थांबायला सांगितलं. डॉक्टर बाकावर धाकट्यांना मांडीवर घेऊन बसल्या आणि दोन बोटांनी त्यांचं पोट चोळत राहिल्या. दुपार व्हायच्या आत धाकटे गेले.

पशुवैद्य मुलगी सांत्वन करायला लागली. डॉक्टरांनी तिला थांबवलं.

"पोट उघडून बघा."

"मॅडम, कशाला आता?"

"घरी अजून एक आहे. मला कळायला हवं."

आतड्यात निळ्या प्लास्टिकचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे एकाला एक चिकटून बसले होते. नख रुतत नव्हतं त्यात दात रुतले होते. येताना रिक्षात डॉक्टर एकच वाक्य बोलल्या. "मी माणसाच्या नखानं तपासलं."

मला वाटलं, आता इक्बालभाईंची धडगत नाही. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या तेव्हा भांडण झालं तर सोडवायला म्हणून मी बरोबर गेले. इक्बालभाईंना सगळं सांगितल्यावर ते कानाला हात लावून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, अल्ला कसम, मला माहीत असतं तर दिलं नसतं."

"तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या. "फरक इतकाच की दातांची डिग्री माझ्याकडे आहे. तेव्हा तुम्ही कान सोडा. खेळणी काढा सगळी."

इक्बालभाईंनी काउंटरवर खेळण्यांचा ढीग घातला. डॉक्टरांनी त्यात बसून वाटण्या केल्या. प्लास्टिक एकीकडे. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, डिंकानं चिकटवलेलं दुसरीकडे. उरलेल्यात प्राण्यानं आत पळायची जाळीची चाकं निघाली. "पाय अडकून मोडेल," म्हणून तीही गेली. शेवटी काउंटरवर राहिल्या सफरचंदाच्या लाकडाच्या काड्यांच्या दोन जुड्या, गवताचा एक चेंडू आणि दात झिजवायचा एक सच्छिद्र दगड.

इक्बालभाईंनी त्या चार वस्तूंकडे पाहिलं. "मग मी विकू काय?"

"हे."

"आणि बाकीचं?"

"पोपटाला चालतं का ते पोपटाच्या डॉक्टरला विचारा. चिंचिलासाठी काही मागायला कुणी आला तर माझ्याकडे पाठवा."

त्यांना वाटलं नसेल, पण इक्बालभाईंनी खरंच लोक पाठवायला सुरुवात केली.

त्याआधी मात्र थोरल्यांनी खाणं सोडलं. दुखणं काही नव्हतं. भाऊ नव्हता, एवढंच. ते फरशीच्या तुकड्याच्या एका अर्ध्यावर बसायचे आणि दुसरा अर्धा रिकामा ठेवायचे. या प्राण्याचं पोट रिकामं राहिलं की आतडं थांबतं, आणि थांबलं की काय होतं ते आम्ही पाहिलं होतं. डॉक्टर गवताच्या गोळ्या भिजवून त्याची पातळ पेज करायच्या आणि सुई काढलेल्या सिरिंजनं त्यांच्या गालात सोडायच्या. मी थोरल्यांना टॉवेलात धरायची. ते मान फिरवायचे, पेज आमच्या अंगावर फुंकायचे.

"गिळा," डॉक्टर म्हणायच्या, अगदी खुर्चीतल्या पेशंटला म्हणावं तसं. "इथे कुणाला हौस नाही. गिळा."

दवाखाना सुरू होता. दोन पेशंटच्या मध्ये त्या वर यायच्या, हात धुवायच्या, पेज द्यायच्या, हात धुवायच्या आणि खाली जायच्या. एकदा एका गृहस्थांनी बाहेर ताटकळल्याबद्दल कुरकुर केली. डॉक्टर त्यांना म्हणाल्या, "तुमचा दात दुखतोय, तो उद्याही दुखेल. वरचा पेशंट उद्या नसेल." गृहस्थ परत बाकावर जाऊन बसले. त्यांना वाटलं, वर कुणीतरी वडीलधारं माणूस आजारी आहे. डॉक्टरांनी तसं म्हटलं नव्हतं, पण खुलासाही केला नाही.

एका सकाळी सिरिंज गालाशी नेली तर थोरल्यांनी ती बाजूला ढकलली आणि डॉक्टरांच्या हातातली सफरचंदाची काडी ओढून घेतली. दोन्ही हातांत बासरीसारखी धरली आणि साल सोलायला लागले. डॉक्टरांनी सिरिंज खाली ठेवली. मग मला म्हणाल्या, "टॉवेल धुवायला टाका." तेवढंच. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्या घरी येऊन स्वतःहून चहा मागितला.

मग त्या लाकडांच्या मागे लागल्या. सफरचंदाचं लाकूड इक्बालभाईंकडे कधी यायचं, कधी नाही. तुतीचं चालतं असं त्यांनी वाचलं. त्यांनी ज्यांची कवळी केली होती ते बाळासाहेब लोणी काळभोरचे शेतकरी; त्यांच्या बांधावर तुती आहे हे डॉक्टरांच्या लक्षात होतं. आम्ही गेलो. बाळासाहेबांनी हौसेनं कोयता काढला.

"औषध मारता का हिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"बांधावरची हाय ती. तिला कोन मारतंय औषध?"

"पलीकडे काय आहे?"

"ऊस."

"उसाला मारता?"

"त्याला मारावं लागतंय की."

"वारा कुठून येतो?"

बाळासाहेबांनी कोयता खाली ठेवला. "बाई, आमची लेकरं हिची तुतं खात्यात."

"लेकरं फळ खातात, तेही धुऊन, आणि वर्षातून महिनाभर. आमचा प्राणी सालीसकट लाकूड खातो, रोज. आणि लेकरांनाही धुतल्याशिवाय देऊ नका."

बाळासाहेबांना राग आला असावा, पण त्यांची कवळी या बाईंनी तीनदा घासून बसती करून दिली होती, एक शब्द न बोलता. त्यांनी आम्हाला घरामागे नेलं. तिथे न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली दुसरी तुती होती, शेतापासून लांब. डॉक्टरांनी न्हाणीत साबण किती वापरता इथपासून चौकशी केली आणि मग उंचावरच्या फांद्या घेतल्या. घरी आणून घासल्या, उकळल्या, गच्चीवर वाळवल्या. सोसायटीच्या सभेत गच्चीवर सरपण कोण वाळवतं असा प्रश्न निघाला. "सरपण नाही," डॉक्टर म्हणाल्या, "खेळणी आहेत." पुढचा विषय घेण्यात आला.

इक्बालभाई पाठवत ते लोक शनिवारी दुपारी दवाखान्यात यायचे. पुण्यात इतके चिंचिला असतील असं मला वाटलं नव्हतं. बहुतेक हिंजवडी-खराडीची तरुण मुलं, काही वाढदिवसाला हट्ट पुरवलेल्या मुलांचे आईबाप. डॉक्टर त्यांनी आणलेलं खेळणं हातात घ्यायच्या. नख रोवणं आता बंद झालं होतं. आता त्या फक्त विचारायच्या, "याचा तुकडा पडला तर तो पोटात विरघळेल का?" समोरचा म्हणायचा, नाही. "मग झालं. उत्तर तुम्हीच दिलंत."

एकदा मे महिन्यात एक गृहस्थ पारदर्शक प्लास्टिकचा मोठा गोळा घेऊन आले. प्राण्याला आत घालून झाकण लावायचं, मग तो घरभर गोळा पळवत फिरतो. त्यांच्या मुलीला ते फार आवडत होतं.

"आत वारा कुठून येतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"भोकं आहेत ना."

"आपण एक करा. स्वेटर घाला, त्यावर कोट घाला, गाडीच्या काचा लावून घ्या आणि आत पळा. मुलीला बाहेरून बघू द्या."

गृहस्थ चिडले. "साधं खेळणं आहे हो."

"खेळतंय कोण पण? तो की मुलगी?"

मुलगी सोबत होती, सहा-सात वर्षांची. तिनंच वडिलांचा हात ओढला आणि म्हणाली, "बाबा, त्याला उकडत असेल." डॉक्टरांनी तिला तुतीची काडी दिली आणि ती कशी आडवी अडकवायची ते दाखवलं. वडिलांकडे मग त्यांनी बघितलंही नाही.

या शनिवारांत नाझिया यायला लागली. इक्बालभाईंची धाकटी मुलगी, औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. आधी ती वडिलांचा निरोप घेऊन यायची, मग बसून राहायची. पेठेत वाढलेली, स्पष्ट बोलणारी. डॉक्टरांशी अदबीनं वागायची, पण घाबरत नसे. एकदा ती थोरल्यांना बघायला वर आली. डॉक्टरांनी पिंजऱ्यात तुतीच्या काड्या आणि सुक्या घोसाळ्याच्या चकत्या सुती दोऱ्यात ओवून माळ टांगली होती. स्वतः ओवलेली. त्यांना तिचा अभिमान होता.

"डॉक्टर, हा दोरा कशाला?" नाझियानं विचारलं.

"सुती आहे. रंग नाही, नायलॉन नाही."

"पण तो दोरा खाणार."

"खाऊ दे. कापूसच आहे."

"कापूस असला म्हणून काय झालं? आतड्यात दोरा तो दोराच. आणि नखात गुंतला तर बोट आवळलं जाईल. स्टीलची साधी साखळी लावा."

"धातू मी पिंजऱ्यात घालत नाही."

"पिंजराच धातूचा आहे, डॉक्टर."

डॉक्टरांशी कुणी असं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. डॉक्टरांनी माळेकडे पाहिलं, नाझियाकडे पाहिलं. "तू परीक्षेचा अभ्यास करतेस की नाही?" असं काहीतरी पुटपुटल्या आणि विषय बदलला. नाझिया गेली. अर्ध्या तासानं मी काही कामानं समोर गेले तर डॉक्टर जमिनीवर बसून कात्रीनं दोरा कापत होत्या. काड्या एकीकडे, चकत्या एकीकडे.

"बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. "मी 'नैसर्गिक' या शब्दावर भाळले. मागे 'टणक' या शब्दावर भाळले होते."

त्यानंतर दोनेक वर्षांनी डॉक्टरांना दिसणं कमी व्हायला लागलं. डोळ्यांच्या मध्यभागी डाग. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. उपचार करून पाहिले. जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही असं सांगितलं गेलं. त्यांनी त्याच आठवड्यात दवाखाना बंद केला. पेशंटनी आग्रह केला, सवयीनं होईल म्हणाले. "सवयीनं मी जिना उतरते," त्या म्हणाल्या. "दात सवयीनं करत नाहीत."

थोरल्यांचं काय, हे विचारायचं मला धैर्य नव्हतं. ते आता त्यांच्या खांद्यावर बसायचे, धाकटे बसायचे तसे. घरात दुसरं कुणी नव्हतं. एके दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि पिंजऱ्याचा तळ दाखवून विचारलं, "लेंड्या किती आहेत? कशा आहेत?"

मी वाकून बघितलं. "भरपूर आहेत. चांगल्या जाड आहेत."

"मला दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "हात फिरवून कळतात, पण कोरड्या की ओल्या, बारीक की जाड, ते उशिरा कळतं. ज्याला लेंडी दिसत नाही त्यानं हा प्राणी ठेवू नये."

"मी रोज येऊन बघत जाईन ना."

"तुम्ही चांगल्या आहात. पण मी जे सांगीन त्याला तुम्ही हो म्हणता."

हे त्यांनी दुखवायला म्हटलं नव्हतं, म्हणून मला ते लागलंही नाही. खरंच होतं ते. त्यांनी नाझियाला फोन लावायला सांगितला. तिची परीक्षा होऊन तिला नोकरी लागली होती. ती संध्याकाळी आली. डॉक्टरांनी तिला घरात थंड खोली कुठली, दिवसा दार कोण उघडतं, वीज गेली तर काय, असं सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "अजून दहा वर्षं जगू शकतो हा. लग्न होऊन जाशील तेव्हा?"

"बरोबर नेईन. नको म्हणणाऱ्याकडे मी जाणार नाही."

"हे आत्ता म्हणतेस."

"मग तुम्हीही आत्ताच विचारताय, डॉक्टर."

डॉक्टर हसल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना मोठ्यानं हसताना तेव्हाच पाहिलं.

पिंजरा मी आणि इक्बालभाईंनी उचलून नेला. डॉक्टर थोरल्यांना पदराखाली छोट्या टोपलीत घेऊन कसबा पेठेतल्या बोळातून चालत आल्या. रिक्षाचे धक्के त्यांना नको होते. इक्बालभाईंनी वरच्या मजल्यावर खोली तयार ठेवली होती. नाझियाच्या आईनं खिडकीला जाड पडदे शिवले होते. थोरले टोपलीतून बाहेर आले, खोलीला एक चक्कर मारली, आणि सरळ नाझियाच्या ओढणीत शिरले. डॉक्टर दाराशी उभ्या होत्या. त्यांना ते दिसलं की नाही कळलं नाही. मी सांगितलं, "गेले तिच्याकडे."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "चहा नको, निघते." नाझियाच्या आईनं फार आग्रह केला तरी त्या थांबल्या नाहीत. बोळातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी टोपली दोन्ही हातांनी धरली होती, आत काही असल्यासारखी.

महिन्याभरात त्या नाशिकला बहिणीकडे राहायला गेल्या. समोरच्या दाराला कुलूप लागलं, मग नवे भाडेकरू आले.

मागच्या हिवाळ्यात कचेरीच्या कामानं मला नाशिकला जावं लागलं, तेव्हा त्यांना भेटून आले. बहिणीच्या बंगल्याच्या ओसरीत त्या खुर्चीवर बसल्या होत्या, उन्हाकडे पाठ करून. मान थोडी तिरकी. कडेनं बघायची सवय झाली होती. मला आवाजावरून ओळखलं. पेठेची, सोसायटीची चौकशी केली. थोरल्यांची केली नाही. मी विषय काढेपर्यंत त्या थांबल्या असाव्यात.

नाझियानं मला आदल्या दिवशीच व्हिडिओ पाठवला होता. मी फोन त्यांच्यासमोर धरला. "बघा, थोरले."

त्यांनी मान इकडून तिकडे केली, फोन लांब नेला, जवळ आणला. मग म्हणाल्या, "चित्र राहू दे. आवाज वाढवा."

मी आवाज वाढवला. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि कानाला लावला. व्हिडिओत कुणी बोलत नव्हतं. नुसतं लाकूड कुरतडल्याचा आवाज होता, कर्र, कर्र, मध्ये थांबून पुन्हा कर्र. त्यांनी डोळे मिटले. आतून त्यांच्या बहिणीनं काहीतरी विचारलं, त्यांनी हात वर करून तिला गप्प केलं.

व्हिडिओ संपला. त्यांनी फोन कानावरून काढला नाही.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.